स्नॉर्कल लावला म्हणून गाडी होडी होत नाही

उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा एक समज हमखास कानावर येतो: फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला स्नॉर्कल (छतापर्यंत नेलेली हवेची नळी) असला की कुठलाही ओढा पार होतो. साफ चूक. स्नॉर्कल इंजिनाला वरून हवा देतो, एवढंच. वाहून जाणाऱ्या गाडीला तो धरून ठेवत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या चाचणीत अडीच टनांची गाडी 45 सेंटिमीटर वाहत्या पाण्यात डळमळली, 95 सेंटिमीटरला तर चक्क तरंगली. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे कशावरून? जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग गावाचा पूलच पुराने मोडला. उतरून खोली बघावी, तर मगरी! पाणी ओसरेपर्यंत थांबायचं; त्यासाठी जास्तीचं अन्नपाणी गाडीत हवंच.