भाजल्यानंतरचे पहिले आठ तास

"भाजलेल्या जागी पाणी घालू नका, फोड येतील," हा सल्ला कोकणातल्या वाड्यावाड्यांतून आजही दिला जातो. चुलीवरची पेज अंगावर सांडून पोळलेले मूल असो की भाजावळीच्या वेळी राबाची आग पायाला लागलेला शेतकरी, जखमेवर शेण, शाई, अंगारा किंवा टूथपेस्ट आधी लागते आणि नळ नंतर आठवतो. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तर अंगाऱ्याने दाह उतरत नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरल्याने मात्र त्वचेत साठलेली उष्णता निघून जाते व इजा खोलवर जाण्याचे थांबते.

फोड पाण्यामुळे येत नाहीत. उष्णतेने सैल झालेल्या केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून त्वचेच्या थरांमध्ये साठतो, तोच फोड. भाजण्याने होणाऱ्या सुरुवातीच्या अनेक मृत्यूंचे मूळ याच पाझरात आहे.

प्रौढ माणसाची सुमारे वीस टक्क्यांहून अधिक त्वचा भाजली, की हिस्टामाइनसारखी, इजा झालेल्या पेशींतून सुटणारी द्रव्ये रक्तात पसरतात आणि न भाजलेल्या भागांतील केशवाहिन्याही गळू लागतात. पाण्याबरोबर अल्ब्युमिन हे प्रथिनही बाहेर पडते; वाहिन्यांमध्ये पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः तेच करत असल्यामुळे गळती आणखी वाढते. पुढच्या काही तासांत रक्त घट्ट होते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. खोल जखमेतील मज्जातंतूंची टोके जळून गेल्याने तेथे वेदनाही कमी असते. म्हणूनच नातेवाईक "सकाळी तर चांगली बोलत होती" असे सांगतात, आणि ते खरेच असते.

येथे "ती" म्हणण्याला कारण आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे सुमारे १,६३,००० मृत्यू झाले. त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. जमिनीलगतची चूल किंवा स्टोव्ह, सुटा पदर आणि वितळून अंगाला चिकटणारे कृत्रिम कापड ही त्यामागची काही कारणे आहेत. परंतु आत्मदहन आणि घरातील हिंसा यांना वगळून हे आकडे वाचणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पाझरलेल्या द्रवाची भरपाई पार्कलंड सूत्राने मोजतात: ४ मिलिलिटर गुणिले किलोतील वजन गुणिले भाजलेल्या त्वचेची टक्केवारी. छाती-पोटाची पुढची बाजू १८ टक्के आणि प्रत्येक हात ९ टक्के धरला, तर पदर पेटून पुढून आणि दोन्ही हातांना भाजलेल्या ५० किलो वजनाच्या बाईची ३६ टक्के त्वचा गेलेली असते. तिला चोवीस तासांत ७.२ लिटर द्रव शिरेतून लागेल आणि त्यातील निम्मे, म्हणजे ३.६ लिटर, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास रुग्णालयाच्या दारापासून नव्हे, तर भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात. तरीने खाडी उतरून, गाडी मिळवून तालुक्याला पोहोचण्यात तीन तास गेले, तर तेवढेच द्रव उरलेल्या पाच तासांत द्यावे लागते. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात सलाईन सुरू करूनच रुग्ण पुढे पाठवणे इष्ट.

अलीकडे काही ठिकाणी ४ ऐवजी २ या गुणकाने सुरुवात करतात, कारण जादा द्रवाने फुप्फुसे भरून येऊ शकतात. योग्य प्रमाण अखेर लघवीच्या पिशवीवरून ठरते: ५० किलोच्या या बाईला तासाला किमान २५ मिलिलिटर लघवी झाली पाहिजे, आणि परिचारिका दर तासाला पिशवीवरील मापाची रेघ पाहून सलाईनचा वेग कमी-जास्त करते.