बिगरहंगामी टोमॅटोची चव कुठे गेली: पार्श्वभूमी

टोमॅटो फळ की भाजी, या वादावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 मध्ये दिलेला निकाल अनेकांना ठाऊक असतो. तो वाद ज्या मालावरून उभा राहिला, त्याच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. 1886 च्या वसंतात वेस्ट इंडिजमधून न्यूयॉर्क बंदरात उतरलेले ते टोमॅटो होते. उत्तरेकडच्या शेतांत रोपेही लागलेली नसताना उबदार बेटांवरचा माल बोटीने येत होता आणि त्यावर जकात भरावी की नाही, एवढाच प्रश्न होता. म्हणजे हंगाम नसताना टोमॅटो खाण्याची हौस किमान सव्वाशे वर्षे जुनी आहे. लांबच्या प्रवासात टिकावा म्हणून माल कच्चा तोडायचा, ही सवयही तेव्हापासूनचीच.

पुढची पायरी फळ पिकवणाऱ्या इथिलिन या वायूची. दिव्याच्या गॅसमधला हाच घटक रोपांवर परिणाम करतो हे 1901 मध्ये दाखवले गेले. फळे स्वतःच हा वायू सोडतात हे 1934 मध्ये सिद्ध झाले. पण व्यापाऱ्यांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. 1920 च्या दशकातच लिंबू-संत्र्यांना पिवळा-केशरी रंग आणण्यासाठी बंद खोल्यांत इथिलिन सोडायला सुरुवात झाली होती. टोमॅटोही लवकरच त्या खोल्यांत गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गॅसवर पिकवला म्हणून बेचव’ हे अर्धेच खरे. बाहेरून दिलेले इथिलिन आणि फळात तयार होणारे इथिलिन एकच. खरा घोटाळा तोडणीच्या वेळी होतो. पूर्ण वाढ झालेला हिरवा टोमॅटो आणि अजून वाढायचा राहिलेला हिरवा टोमॅटो बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. फरक आत असतो: एकात बियांभोवतीचा गर सुटलेला असतो, दुसऱ्यात नसतो. तोडणारा प्रत्येक फळ कापून पाहू शकत नाही. केळ्याकडे स्टार्चचा मोठा साठा असतो, त्यामुळे ते तोडल्यावरही गोड होत जाते. टोमॅटोकडे तसा साठा फारच थोडा. झाडापासून सुटला की पानांकडून येणारी साखर बंद होते. वायूने रंग येतो, मऊपणा येतो. जे आत भरलेच नव्हते, ते मात्र येत नाही.

1962 पर्यंत अमेरिकेच्या हिवाळी बाजारात क्यूबाचा माल मोठ्या प्रमाणात असायचा. त्या वर्षी क्यूबाशी व्यापार बंद झाला आणि ती जागा फ्लोरिडा व वायव्य मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांताने घेतली. फ्लोरिडाची वाळूमिश्रित जमीन टोमॅटोला फारशी मानवणारी नाही, हवाही दमट. पण कडाक्याची थंडी फारशी पडत नाही, हे एकच कारण हिवाळी शेतीला पुरेसे ठरले. फ्लोरिडा मुख्यतः हिरवा माल तोडून वायूवर रंगवायचा. सिनालोआत खुंट-तारांवर चढवलेल्या रोपांवरून रंग धरू लागलेला माल निघायचा. 1969 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने किमान आकाराचे दोन वेगळे नियम लावले. झाडावर रंग धरलेल्या फळाला मोठ्या आकाराची अट, हिरव्या फळाला लहान. कागदावर ही गुणवत्तेची अट होती. तिचा भार कुणाच्या मालावर पडणार, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना लगेच कळले. भाव चढले, ग्राहक संघटना भडकल्या आणि पुढे हा भेद मागे पडला.

त्याच काळात बियाण्यातही बदल होत होते. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाकडे गडद हिरवे खांदे असतात. फळ लाल झाले तरी तिथे कधीकधी पिवळट पट्टा उरतो आणि तो बाजारात खपत नाही. म्हणून सगळीकडून एकसारखा फिकट हिरवा असणारा आणि एकसारखा लाल होणारा प्रकार पैदासकारांनी निवडला आणि तो गुण एकेका संकरित वाणात उतरवत नेला. या निवडीची किंमत 2012 मध्ये कळली. एकसारखा रंग देणारे जनुक म्हणजे प्रत्यक्षात एक बिघडलेले जनुक होते. ते धड असेल तर फळातच हरितद्रव्य जास्त तयार होते आणि फळ स्वतःही थोडी साखर बनवते. खांद्यावरच्या ज्या हिरवेपणाला आपण खोट म्हणत होतो, त्यातच गोडव्याचा एक वाटा होता.

आता फ्लोरिडातल्या एका बेढब टोमॅटोला अडवणारा तो निर्णय, ज्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फ्लोरिडातून बाहेर जाणाऱ्या टोमॅटोची प्रतवारी 1955 पासून केंद्रीय कृषी खात्याच्या एका विक्री-आदेशाखाली चालते आणि तो आदेश राबवणारी समिती उत्पादकांचीच. ऑक्टोबर ते जून या काळात नेमून दिलेल्या भागातून बाहेर जाणाऱ्या मालाने आकार (घडण), आकारमान (व्यास) आणि दर्जा यांची अट पाळायलाच हवी. चेरी टोमॅटो, हरितगृहातला माल आणि मातीविना वाढवलेला माल यांना ती लागू नाही. उघड्या शेतातल्या मोठ्या, गोल टोमॅटोला लागू आहे.

फ्रान्सच्या जुन्या मार्मांद वाणाच्या घराण्यातला, चुण्या पडलेला, बेढब, खांदे फुगलेला एक टोमॅटो फ्लोरिडातल्या एका उत्पादकाने हिवाळ्यासाठी तयार केला. तो झाडावर रंग धरेपर्यंत ठेवला जाई, हळुवार हाताळला जाई आणि नेहमीच्या मालापेक्षा महाग विकला जाई. तरीही ग्राहक तो शोधत येत, कारण हिवाळ्यात त्याला टोमॅटोची चव होती. सुरुवातीचे काही हंगाम समितीने त्याला आकाराच्या अटीतून सूट दिली. 2003-04 च्या हंगामात ती सूट नाकारली गेली. दर्जाच्या व्याख्येत फळ ‘बऱ्यापैकी घडीव’ असायला हवे होते आणि हा टोमॅटो मुळातच घडीव नव्हता. फ्लोरिडाच्या आत तो विकता येत होता. सीमेबाहेर, म्हणजे जिथे बर्फ पडलेला होता आणि जिथे त्याची खरी गरज होती, तिथे चुण्या पडलेले फळ पाठवता येत नव्हते. आकाराच्या कसोटीत नापास झालेली चांगली फळे वाया गेली.

समितीची बाजूही मांडायला हवी. एका वाणाला सूट दिली तर उद्या कुणीही आपल्या साध्या वाणातला वेडावाकडा माल ‘जुने वाण’ म्हणून खपवेल, भाव पडतील आणि आदेशाला अर्थ उरणार नाही, असे तिचे म्हणणे होते. सूट मिळाली तर तिचा फायदा एकाच उत्पादकाला, हाही आक्षेप होता. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. प्रतवारी नसताना बाजारात काय येते हे शेतमालाचा व्यापार करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पण त्या वादात एक गोष्ट लख्ख दिसली आणि म्हणूनच तो इतका महत्त्वाचा वाटतो. दर्जाच्या संपूर्ण व्याख्येत चवीला जागाच नव्हती. साखर किती, आम्लता किती, वास कसा, यांतले काहीच मोजले जात नव्हते. फळ गुळगुळीत आहे का, घट्ट आहे का, डाग आहे का, व्यास किती, एवढ्यावर ते पहिल्या प्रतीचे ठरत होते. लाकडाच्या गोळ्याइतका बेचव टोमॅटो पहिल्या प्रतीत बसू शकत होता आणि खाण्याजोगा टोमॅटो सीमेवर अडत होता. ज्याची मोजदाद होते त्याचेच पैसे मिळतात आणि ज्याचे पैसे मिळतात त्याचेच बियाणे तयार होते. थंडी आणि अंतर यांच्यापेक्षा बिगरहंगामी टोमॅटोचे नुकसान या हिशेबाने जास्त केले आहे. अखेर जानेवारी 2007 मध्ये केंद्रीय खात्याने त्या एका वाणाला आकाराच्या अटीतून सूट दिली. अट अशी की, शेतापासून पेटीपर्यंत त्याची ओळख वेगळी राखायची. व्याख्या तशीच राहिली.

युरोपातही फार वेगळे घडले नाही. 2009 मध्ये तिथे 26 भाज्या-फळांच्या आकाराचे नियम रद्द झाले, त्याची ‘वाकड्या काकड्या परतल्या’ अशी मोठी चर्चा झाली. नियम कायम राहिलेल्या 10 पिकांत टोमॅटो होता.

मात्र युरोपात बाजारानेच चवीचा हिशेब मागितला, तोही आधीच. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ग्राहकांनी डच हरितगृहातल्या टोमॅटोला ‘पाण्याचा बॉम्ब’ म्हणायला सुरुवात केली आणि विक्री घसरली. डच उत्पादकांनी घोसासकट विकायचे टोमॅटो, चेरी आणि लहान कॉकटेल प्रकार यांच्याकडे मोहरा वळवला. लहान फळ हिवाळ्यात का तग धरते, याचे कारण सोपे आहे. कमी उजेडात झाड मोजकीच साखर बनवते आणि मोठे फळ ती पाण्यात पातळ करून टाकते. मोठ्या गोल टोमॅटोत विरघळलेले घनपदार्थ (मुख्यतः साखर) साधारण 4 ते 5 टक्के असतात, चांगल्या चेरी टोमॅटोत 7 ते 9 टक्के. घोसाला येणारा तो ओळखीचा ताजा वास मात्र बराचसा देठाचा आणि हिरव्या भागाचा असतो. त्यावरून फळाची परीक्षा करू नये.

हिवाळ्यात चव मिळवण्याची दुसरी वाट झाडाला ताण देण्याची. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या किनाऱ्यावर खारट पाण्यावर वाढवलेला ‘राफ’ हा चुण्यांचा, गडद हिरव्या खांद्यांचा टोमॅटो हिवाळ्यातच सर्वोत्तम येतो. क्षारांमुळे झाड पाणी कमी ओढते, फळ लहान राहते आणि आत साखर-आम्ल दाटते. जपानमधल्या कोचीत 1970 च्या वादळात समुद्राचे पाणी शेतात घुसले. त्या खारावलेल्या जमिनीतले टोमॅटो लहान पण कमालीचे गोड निघाले आणि त्यातून एक महागडी शेतीच उभी राहिली. उत्पादन घटते, म्हणून वजनावर पैसे मिळणारा शेतकरी या वाटेला जात नाही. तिसरी वाट सगळ्यांत जुनी: स्पेनमधल्या कातालोनियात आणि इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारांवर जाड सालीचे टोमॅटो उन्हाळ्यात तोडून, माळा करून टांगतात आणि हिवाळाभर खातात.

अलीकडच्या संशोधनाने वासाचा प्रश्न पुढे आणला आहे. 2016 मध्ये दिसले की 5 अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या पिकलेल्या टोमॅटोत साखर-आम्ल जवळपास तेवढेच राहतात, पण सुगंधी द्रव्ये तयार करणारी जनुके मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत. वाहतूक आणि साठवण 12-13 अंशांखाली नेऊ नये, हा जुना नियम त्याने पक्का झाला. शीतगृहात पडून राहिलेला उत्तम वाणाचा मालही त्यामुळे फिका लागतो. 2017 मध्ये सुमारे 400 वाणांच्या जनुकीय तुलनेतून स्पष्ट झाले की आधुनिक वाणांत 13 सुगंधी द्रव्ये लक्षणीयरीत्या घटली आहेत. ती परत आणण्याचे बरेच जनुकीय दुवे आता हाती आहेत. साखर वाढवली की फळ लहान होते. वासाची द्रव्ये इतक्या अल्प प्रमाणात लागतात की ती वाढवताना उत्पादनाला फारसा धक्का बसू नये. पैदासकारांचा भर म्हणूनच तिकडे वळला आहे.

व्यापाराचा जुना वादही संपलेला नाही. मेक्सिकोच्या टोमॅटोवर अमेरिकेने 1996 पासून शुल्काऐवजी किमान भावाचा करार लावला होता. तो वेळोवेळी नव्याने होत राहिला आणि 14 जुलै 2025 रोजी संपवण्यात आला. त्या जागी बहुतेक मालावर 17.09 टक्के शुल्क आले. मेक्सिकोतून येणाऱ्या मालात संरक्षित शेतीतल्या, झाडावर रंग धरलेल्या आणि लहान प्रकारांचा वाटा मोठा आहे. शुल्क किमतीच्या प्रमाणात असल्याने किलोमागे जास्त भाव मिळवणाऱ्या या चवदार प्रकारांवर त्याचा बोजाही किलोमागे जास्त पडतो.