पंख्याची जाळी आणि बोटाएवढी फट

२४ इंची स्टँड फॅनची पाती मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतात. हिशेब मांडला तर पात्याचे टोक सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेगाने फिरत असते. पाती तीन असतील तर एकाच जागेवरून सेकंदाला ७० वेळा पाते जाते. काहीतरी लागले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात १४ वेळा पाते त्याच बोटावर आदळलेले असते. म्हणून ‘सांभाळून काम करा’ असे बजावून भागत नाही. हात पात्यापर्यंत पोचूच नये, अशी व्यवस्था लागते.

भोसरीतला प्रेसचा गाळा असो की इचलकरंजीतला यंत्रमाग, मशीनला गार्ड आहे का हे निदान विचारले तरी जाते. पंखा मात्र घरातल्या वस्तूसारखा कोपऱ्यात उभा असतो आणि त्याला कोणी मशीन समजत नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमात यंत्राच्या प्रत्येक धोकादायक भागाला भक्कम आडोसा हवा असे म्हटले होते. उघडी पाती हा धोकादायक भाग नाही, असे कोण म्हणेल?

आता जाळीबद्दल. जाळी आहे एवढ्याने काम होत नाही. दोन मापे एकत्र बघावी लागतात. फट केवढी, आणि तिथून पाते किती आत. फट रुंद होत गेली की बोट खोल जाते, म्हणून पातेही तेवढे मागे हवे. आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय मानकात ही अंतरे ठरवून दिलेली आहेत. ६ ते ८ मिलिमीटरच्या लांबट फटीमागे पाते किमान २० मिलिमीटर आत असले तर चालते, कारण तिथे बोटाचे टोकच काय ते शिरते. फट ८ ते १० मिलिमीटरची झाली की हेच अंतर ८०वर जाते, १० ते १२ला १००, आणि १२ ते २०ला १२०. लांबट फट २०च्या पुढे गेली तर थेट ८५० मिलिमीटर! तिथे प्रश्न बोटाचा राहत नाही, हातच आत जाऊ शकतो.

जुन्या पंख्यांच्या जाळीत कडेच्या तारांमध्ये इंचभर फट सहज असते आणि पाते जेमतेम तीन-चार सेंटिमीटर आत. रंग मारून चकचकीत केल्याने त्या मापात काही फरक पडत नाही.

तपासणी सोपी आहे. पंख्याचा प्लग काढा, पाती थांबू द्या आणि बांधकामाची १२ एमएमची सळई जाळीवर ठिकठिकाणी टेकवून बघा. मधोमध नको, कडेला बघा. मधून निघालेल्या तारा बाहेर जाताना फाकत जातात आणि मोठी फट तिथेच सापडते. सळई आत गेली तर जाळी बदलायची. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमात ७ फुटांपेक्षा खाली असलेल्या पंख्याच्या जाळीत अर्ध्या इंचाहून, म्हणजे १२.७ मिलिमीटरहून, मोठे भोक चालत नाही. सळईचे माप त्याच्या अगदी जवळचे आहे. मग तळहाताने जाळी मधोमध जोरात दाबा आणि दुसऱ्या माणसाला पाती हळूहळू फिरवायला सांगा. घासल्याचा आवाज आला तर तार बारीक आहे किंवा जाळी सैल आहे. कोणी तोल जाऊन पंख्यावर रेलले तर तीच जाळी पात्यात घुसेल.

काही जण जुन्या जाळीवरच अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारांची चौकोनी जाळी, तारेने बांधतात. हा उपाय अर्धा आहे. तारेची जाडी वजा केली की भोक १२ मिलिमीटरच्या आत येते. लांबट फटीपेक्षा चौकोनी भोकाला अंतर कमी लागते, तरी पाते किमान ८० मिलिमीटर दूर हवे, आणि जुन्या जाळीला चिकटवून ते अंतर मिळत नाही. फ्रेम पुढे काढून स्क्रूने बसवावी लागते. त्यापेक्षा कंपनीची बारीक फटीची जाळी आणणे बरे. क्लिप तुटली म्हणून सुतळीने बांधलेली जाळी तर ताबडतोब उतरवा आणि ती नीट बसेपर्यंत पंखा बंद ठेवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते मागच्या बाजूकडे. पुढून वारा सुटतो, तो कापड दूर ढकलतो. मागून हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर सैल टोकही. ओढणी, पदर, मफलर, मोकळे केस. पात्यांच्या मधला गोल भाग १० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. सेकंदाला २३ फेरे, म्हणजे सात मीटरपेक्षा जास्त. ओझ्याने पंखा थोडा मंदावेल. तरी दोन मीटरची ओढणी संपायला अर्धा सेकंदही पुरतो. शिलाईच्या युनिटमध्ये दोन ओळींच्या मध्ये पंखा ठेवला की एका ओळीच्या बायकांची पाठ नेमकी या बाजूला येते. पंखा भिंतीवर चढवा, किंवा त्याची पाठ भिंतीकडे करा आणि मागची जाळीही सळईने तपासा.

शॉकचे कारण बहुतेक मानेत असते. फिरत्या मानेचा पंखा दिवसभर डावी-उजवीकडे वळतो, वायर तिथे सारखी दुमडते, आवरण तडकते आणि फेज, म्हणजे वीज आणणारी तार, लोखंडी पाइपला लागतो. प्लग दोन पिनांचा असेल तर अर्थिंग नाहीच. घामेजल्या माणसाच्या शरीराचा रोध १५०० ओहम धरला तर २३० व्होल्टला ०.१५ अँपिअर प्रवाह वाहतो. हृदय थांबवायला तेवढा पुरेसा आहे, पण प्रवाह फार वाढला तरच वीज तोडणाऱ्या ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी कळ, हवीच. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की ती ट्रिप होते. तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. वायर तीन कोअरची, प्लग तीन पिनांचा. प्लग काढलेल्या अवस्थेत मल्टिमीटरचे एक टोक मोठ्या पिनेला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या स्क्रूला लावा. रंगावर लावू नका, रीडिंग चुकेल. रोध १ ओहमच्या आत यायला हवा.

सफाईच्या वेळचे अपघात वेगळ्या कारणाने होतात: लाइट गेलेली असते, पंखा थांबलेला असतो, कोणीतरी फडके घेऊन जाळी उघडतो आणि तेवढ्यात लाइट येते. थर्मल कटआउट (तापल्यावर मोटर बंद करणारी कळ) असलेली मोटर तापून बंद पडली असेल तर थंड झाल्यावर आपोआपही सुरू होते. बटण बंद करणे पुरत नाही. प्लग काढून सफाई करणाऱ्याने तो आपल्या नजरेसमोर ठेवावा. पाती हाताने किंवा झाडूने थांबवू नयेत. जाळी परत बसल्याशिवाय प्लग लावू नये. मागावर उडणारे कापसाचे तंतू मोटरच्या झरोक्यांत साचतात, मोटर तापते आणि तेच तंतू पेट घेतात. तिथे आठवड्याला सफाई लागते.

सीलिंग फॅन जमिनीपासून किमान २.४ मीटर वर असावा, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पण गाळ्यात पोटमाळा नंतर काढला की त्यावर उभ्या माणसाच्या डोक्याशी तीच पाती येतात. माप नेहमी माणूस जिथे उभा राहतो तिथून घ्यायचे; थप्पीवर चढून माल काढत असतील तर थप्पीवरून. दर सहा महिन्यांनी एमसीबी पाडून, घोड्यावर (उभ्या शिडीवर) चढून डाऊन रॉडचे, म्हणजे पंखा टांगणाऱ्या नळीचे, दोन्ही बोल्ट, ते निसटू नयेत म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनांची फाकवलेली टोके आणि हुकाजवळचा रबर बघावा. पाती डुलत असतील तर आधी त्यांच्यावरची धूळ पुसा. असमान साचलेली धूळ तोल बिघडवते आणि त्या थरथरीने बोल्ट ढिले होतात.

अपघात झालाच तर पहिले काम लाइट तोडणे. अडकलेले कापड ओढू नका, कात्रीने कापा. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा आणि १०८ला फोन करा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओलसर गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि ते जोडता येत नाही. पिशवीवर अपघाताची वेळ लिहा आणि ती जखमी माणसाबरोबरच पाठवा.