फिजिक्सच्या सरांची पीएचडी कुठली?

बेळगावात फिजिक्सच्या सरांना पीएचडी कुठली म्हणून विचारलं, तर उत्तर बहुधा दोनांतलं एक येतं. धारवाड, नाहीतर कोल्हापूर. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

लिंगराज कॉलेज निघालं १९३३ मध्ये, राणी पार्वती देवी कॉलेज १९४५ मध्ये. त्याआधी शिकायचं म्हणजे धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन किंवा थेट पुण्याचं फर्ग्युसन. विद्यापीठ मात्र सगळ्यांचं एकच, मुंबई. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी ते मुंबईहून धारवाडला आलं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे सीमेच्या आधी विद्यापीठ बदललं होतं, हे आपल्याकडच्या वादांत सहसा कुणी बोलत नाही.

धारवाडच्या फिजिक्स विभागाचं नाव झालं ते स्पेक्ट्रोस्कोपीमुळे, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटांच्या अभ्यासामुळे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वर्णपटांवर काम केलेले एन. आर. तावडे तिथे आले. विजेचा आर्क किंवा ज्योत पेटवायची, तिच्या प्रकाशाचे पट्टे फोटोच्या काचेवर घ्यायचे, कुठला पट्टा किती ठळक आहे हे मोजायचं आणि त्यावरून आतलं तापमान काढायचं. ज्योतीला हात न लावता तिचा ताप पाहण्याचा हा प्रकार!

१९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि दुसरी वाट खुली झाली. तिथे एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या कामाचा जम बसवला. कॉलेजातल्या माणसाला हे काम झेपणारं होतं. बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया घ्यायचा, त्यात धुतलेल्या काचपट्ट्या उभ्या सोडायच्या, खाली गरम पाण्याचा बाथ. बघता बघता द्रावण पिवळं होतं आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा थर चढतो. निर्वात पंप नको, लाखांची यंत्रं नकोत. आठवड्याला १६ तास शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्याला आणखी काय हवं?

खरी कसरत मात्र वर्गात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला खानापूरचा मुलगा पीयूसीला, म्हणजे अकरावीला येतो आणि ‘अपवर्तन’चं एका दिवसात ‘रिफ्रॅक्शन’ होतं. शेजारच्या बाकावरची मुलगी कन्नड माध्यमातली. सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात, समजावतात मराठीत आणि तेच पुन्हा कन्नडमध्ये. प्रॅक्टिकलला न्यूटनच्या कड्या, म्हणजे काचेवर भिंग ठेवल्यावर दिसणारी प्रकाशाची वर्तुळं, लावल्या की अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या पिवळ्या उजेडात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कड्या मोजायच्या. मोजताना चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि मोजणी ज्याच्या त्याच्या भाषेत.

२०१० मध्ये बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं. त्याआधी थर जमला की काचपट्ट्या टिश्यू पेपरात गुंडाळायच्या, डबीत घालायच्या आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी, म्हणजे थराची स्फटिकरचना तपासायला, कोल्हापूरची एसटी पकडायची. कोगनोळीला राज्य बदलायचं. सरांचं लक्ष मांडीवरच्या डबीवर. थर जेमतेम काही शे नॅनोमीटरचा, बोट लागलं की गेला.