जिना कुणाचा? सांगलीतल्या फ्लॅटमधल्या शेजाराची पार्श्वभूमी

सांगलीत कुणाही फ्लॅटवाल्याकडं शेजाराचा विषय काढा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘वाड्यातली मजा आता राहिली नाही.’ मग ओघानं बाकीचं येतं. वरच्यांच्या बाथरूमची ओल, मोटर कुणी चालू करायची, पार्किंगमध्ये आडवी लावलेली गाडी, चार महिने न दिलेला मेंटेनन्स, जिन्यातला चपलांचा स्टँड. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं, की माणसंच पहिल्यासारखी राहिली नाहीत.

मला हे पटत नाही. मी गावभागातल्या एका वाड्यात, भाडेकरूच्या दोन खोल्यांत वाढलो. १९९६ साली तो वाडा पाडून त्याच जागी अपार्टमेंट उभं राहिलं आणि आज मी तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या नऊ फ्लॅटपैकी पाच घरं वाड्यातलीच आहेत. माणसं तीच, आडनावं तीच, कृष्णाकाठही तिथंच. तरीही वाड्यात दोन दिवसांत मिटायची ती भांडणं फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं चालली. माझ्या मते माणसं फारशी बदललेली नाहीत, जागेची मालकी बदलली. ती कशी बदलली याचा मागोवा घेतल्याशिवाय आजच्या कुरबुरी नीट कळत नाहीत.

चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन १८०१ साली सांगलीला आले, गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी गणपतीचं देऊळ उभारलं, आणि त्यांच्या आश्रयानं गाव वाढलं. गावभागातले, खणभागातले, पेठेतले वाडे या वाढीतले. सुरुवातीला एका वाड्यात एकच मोठं कुटुंब असायचं. पुढं वाटण्या झाल्या, उत्पन्नं आटली, शिकायला आणि नोकरीला माणसं गावात येऊ लागली, तशा रिकाम्या खोल्या भाड्यानं गेल्या. हळदीच्या पेढीवरचा कारकून, शाळामास्तर, कोर्टातला बेलिफ अशी बिऱ्हाडं एका चौकाभोवती आली.

आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आणि मालक. दिंडी दरवाजातून आत आलं की फरसबंदी चौक, कोपऱ्यात आड, आडाशेजारी नंतर आलेला पालिकेचा नळ, मागच्या बाजूला दोन संडास. भांडणं रोजची होती, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आठवणी काढताना लोक ती गाळतात. नळाच्या रांगेत कळशी पुढं सरकवली म्हणून, वाळत घातलेल्या सांडग्यांवर कुणाच्या धुण्याचं पाणी उडालं म्हणून, मोरीचं पाणी चौकात तुंबलं म्हणून. आवाज चढले की मालक ओसरीवर यायचे. दोन्हीकडचं ऐकायचे आणि सांगायचे, ‘उद्यापासून प्रत्येकानं दोन घागरी भरल्या की नळ सोडायचा. पुन्हा माझ्याकडं यायचं नाही.’ निकाल कधी कधी एकतर्फीही असायचा. पण तो चालायचा, कारण डोक्यावरचं छप्पर त्यांचं होतं. कौल फुटलं, मोरी तुंबली, आडाचा रहाट मोडला, तर कुणाकडं जायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची.

ही व्यवस्था आतून पोखरली ती भाड्याच्या प्रश्नानं. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. सांगली तेव्हा संस्थान होतं. १९४८ च्या मार्चमध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. विलीनीकरणानंतर हा कायदा इथंही आला. त्यानं गरीब भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवलं, हे आमच्याच घराच्या अनुभवावरून मी खात्रीनं सांगतो. पण भाडी गोठली. सत्तरच्या दशकात ठरलेलं भाडं वडील नव्वदच्या दशकातही देत होते. तेवढ्या भाड्यात मालकांना वर्षाची कौलं चाळणंही परवडेना. तुळया वाकल्या, भिंतींना टेकू लागले. ‘दुरुस्ती का करत नाही’ आणि ‘जागा का सोडत नाही’ या दोन प्रश्नांनी ओसरीवरचा न्याय संपवला. शेवटची काही वर्षं मालक आणि आमच्यापैकी दोन बिऱ्हाडं यांच्यात बोलणं नव्हतं, कोर्टाच्या तारखा होत्या. वाड्यातला जिव्हाळा आणि हे वैर एकाच चौकात नांदत होतं.

मग बिल्डर आला आणि सगळ्यांनाच सुटका वाटली. भाडेकरूंना थोडे पैसे भरून स्वतःचा फ्लॅट, मालकांना दोन फ्लॅट आणि रक्कम, उरलेले विक्रीला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सांगलीत अशा कितीतरी जागा उभ्या राहिल्या. खाली खांबांवर पार्किंग, वर तीन मजले, सहा, आठ किंवा नऊ फ्लॅट. ज्या दिवशी किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. आपलं घर झालं. जिना, टाकी, गच्ची, गटार कुणाचं झालं, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर खरं तर कायद्यात बरंच आधी लिहिलं गेलं होतं, मुंबईत. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या अशा पहिल्या संस्थांत तिची गणना होते. रावबहादूर तालमकींसारखी माणसं त्या चळवळीत होती. कल्पना साधी होती: एकट्याला परवडत नाही ती जमीन आणि इमारत सगळ्यांच्या संस्थेच्या नावावर घ्यायची. मालक संस्था, आपण तिचे सभासद. म्हणजे वाड्यातली मालकाची जागा रिकामी राहत नाही, तिथं संस्था बसते. १९२५ चा मुंबईचा सहकारी कायदा आणि त्यानंतर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा यांच्या चौकटीत अशा संस्था वाढल्या.

पण मुंबईत जमीन महागली, तसे पैसे घेऊन पळणारे, एकच फ्लॅट दोघांना विकणारे, इमारतीची मालकी स्वतःकडं ठेवणारे बिल्डरही वाढले. सरकारनं १९६० च्या मे महिन्यात यासाठी समिती नेमली आणि १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, लोक ज्याला ‘मोफा’ म्हणतात तो. बिल्डरनं खरेदीदारांची संस्था करून द्यायची आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करून द्यायची, ही जबाबदारी या कायद्यानं त्याच्यावर टाकली. शेकडो बिल्डरांनी ती पाळली नाही. म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली: बिल्डर सही करत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानं मालकी मिळवण्याची वाट.

सांगलीसारख्या गावासाठी त्याहून महत्त्वाचा ठरला १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा. यात संस्था मालक नसते. बिल्डर इमारतीचं घोषणापत्र करून दुय्यम निबंधकाकडं नोंदवतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र अपार्टमेंट डीड देतो. आपला फ्लॅट पूर्ण आपला, आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांत आपला ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. आमच्याकडं हाच मार्ग का रुळला, याचं कारण इमारतींच्या आकारात आहे. सोसायटी नोंदवायला किमान दहा सभासद लागायचे. आमचे फ्लॅट नऊ. २०१९ च्या दुरुस्तीनं गृहनिर्माण संस्थेसाठी ही अट पाचावर आणली, पण तोवर गावातल्या लहान इमारती कधीच उभ्या राहून जुन्या झाल्या होत्या.

पाटीवर मात्र लोक काहीही लिहितात. अपार्टमेंट कायद्याखालची इमारत स्वतःला सोसायटी म्हणवते, एखाद्याला ‘चेअरमन’ म्हणतात, आणि सोसायटीचे नियम ऐकून ऐकून लावले जातात. इथं मोठी गफलत होते. सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणं, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणं, सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं असतं, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) बांधकामाच्या खर्चावर ठरतो, पाणी नळजोडांच्या संख्येवर. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा असतो. वन बीएचकेवाला म्हणतो ‘मी एवढं का देऊ’, थ्री बीएचकेवाला म्हणतो ‘जिना सगळे सारखाच वापरतात’. आपली इमारत कुठल्या कायद्याखाली आहे त्याप्रमाणं दोघांपैकी एकाचं बरोबर असतं. ते न पाहताच दोन घरं एकमेकांना चिक्कू ठरवतात.

सहकार सांगलीला नवा नाही. वसंतदादांच्या या जिल्ह्यात साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांच्या सभेत काय विषय आहेत हे लोकांना तोंडपाठ असतं, मतासाठी माणसं परगावाहून येतात. त्याच माणसांच्या इमारतीची वार्षिक सभा तीन जणांत उरकते. मला वाटतं, कारखान्यातला शेअर आपण हातात धरून पाहिलेला असतो, आणि जिन्यातला आपला हिस्सा कुणी दाखवलेलाच नसतो.

आमच्या घरातली ओलीची गोष्ट यासाठीच सांगतो. न्हाणीघराच्या छताला आधी पिवळट डाग पडला, मग रंगाचे फुगे आले, मग ठिबक सुरू झाली. वरच्या काकू वाड्यातल्याच, लहानपणी मी त्यांच्याकडं जेवलेलो. मी वर जाऊन म्हटलं, ‘काकू, तुमचा ट्रॅप गळतोय, प्लंबर बोलवा.’ त्यांनी बोलावला, फरशी फोडली, नवी बसवली. ठिबक थांबली नाही. मी पुन्हा गेलो, जरा चढ्या आवाजात. त्या म्हणाल्या, ‘आठ हजार घातले रे आम्ही. आता तुझ्या छताचं तू बघ.’ त्यानंतर दीड वर्ष आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी बोललो नाही. संक्रांतीला त्यांचा तिळगूळ आला नाही, याचं आईला फार लागलं.

शेवटी एका वयस्कर प्लंबरनं डक्टमध्ये उतरून पाहिलं. त्यानं बाहेर येऊन हातावरचा काळा चिखल दाखवला. उभ्या ड्रेनेज पाइपाचा सांधा तिसऱ्या मजल्याच्या खाली सुटला होता आणि पाणी भिंतीतून माझ्या छतात झिरपत होतं. तो पाइप त्यांचाही नव्हता, माझाही नव्हता, नऊ जणांचा होता. फ्लॅटच्या आतली गळती त्या फ्लॅटवाल्यानं आणि सामाईक पाइप, बाहेरची भिंत, गच्ची यांची सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची, ही साधी विभागणी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. वाडा असता तर मालकांनी गवंडी बोलावून आधी भिंत उकरली असती. मी आईला घेऊन वर गेलो, काकूंची माफी मागितली आणि त्यांचे आठ हजार सगळ्यांत वाटून घ्यायचा विषय सभेत मांडला. तो मंजूर व्हायला आणखी सात महिने लागले.

पार्किंगबद्दल थोडक्यात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की खांबांखालचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते सामाईक क्षेत्र आहे. त्याआधी ‘गाडीच्या जागेचे वेगळे पैसे’ दिलेल्यांनी खांबांवर आपले नंबर रंगवले होते. ते नंबर आजही आहेत आणि त्यांच्यावरून होणारे वादही. आवाजाचा नियम २००० सालापासून आहे, रात्री दहा ते सकाळी सहा, पण आमच्याकडं आवाजावरून कधी पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. सांगितलं की लोक ऐकतात.

आमच्या इमारतीचं खरं शिक्षण नदीनं केलं. गावभागात पावसाळ्यात पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती फूट?’ हा असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ च्या पुरात पार्किंगमधले विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर बुडाली, चौदा दिवस अंधारात काढले आणि पुन्हा त्याच भिंतीवर मीटर बसवले, कारण वर हलवायचा खर्च कुणी किती द्यायचा हे ठरलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना पाहिल्या. पहिल्या मजल्यावरची तीन घरं वर आली. काकूंच्या स्वयंपाकघरात चार घरांचा भात एका पातेल्यात शिजत होता, प्यायचं पाणी वाटीनं मोजून दिलं जात होतं, आणि ज्या दोन घरांत पार्किंगवरून कोर्टाची नोटीस गेली होती त्यांची मुलं एकाच गादीवर झोपत होती.

पाणी उतरल्यावर गाळ काढता काढता गच्चीवर सभा भरली. नऊच्या नऊ घरं आली, असं पहिल्यांदाच झालं. मीटरचा विषय निघाला आणि सारखा खर्च की फ्लॅटच्या मापानं, यावर पुन्हा आवाज चढले. तेव्हा मालकांचा मुलगा, तो आता पन्नाशीचा आहे, खाली जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. वडिलांच्या ट्रंकेत सापडलेलं १९९६ चं घोषणापत्र. त्यानं ते उभ्यानं वाचलं. सामाईक क्षेत्र आणि सुविधा: जमीन, जिना, गच्ची, टाकी, पंप, डक्ट, मीटरची जागा. मग प्रत्येक फ्लॅटपुढं टक्केवारी. त्याच्या दोन फ्लॅटचा मिळून वाटा सगळ्यांत मोठा निघाला. त्यानं आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘लिहिलंय तसं घ्या.’ तेवीस वर्षं आम्ही ज्यावर भांडत होतो तो कागद आमच्याच इमारतीत पडून होता. नसता तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल काढता आली असती.

त्या दिवाळीच्या आत मीटर पहिल्या मजल्याच्या वरच्या लँडिंगला गेले आणि पंपही उंच चौथऱ्यावर बसवला. चपलांचे स्टँड काढायचं त्याच सभेत ठरलं होतं, दोघांनी अजून काढलेले नाहीत.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पार्किंगमध्ये शिरलं. ते उतरलं, लाइट आली, आणि काकूंनी वरून हाक मारली, ‘मोटर चालू कर रे, टाकी रिकामी आहे.’