‘तीन-पंचमांश’ कलमाची पार्श्वभूमी

बॉस्टन बंदरातल्या चहापासून १७८३ च्या पॅरिस तहापर्यंतचा अमेरिकेचा इतिहास आपल्याकडे शाळेतच होऊन जातो, त्यामुळे तो इथे पुन्हा सांगत नाही. मात्र नव्या देशात पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे सत्तेचे पारडे कुठे झुकणार, हे युद्धभूमीवर ठरले नाही. ते ठरले १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात, दारे लावून भरलेल्या घटना परिषदेत. प्रश्न शिरगणतीचा होता. लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना प्रतिनिधी द्यायचे, तर गुलाम मोजायचे की नाही? उत्तर निघाले: पाच गुलामांमागे तीन डोकी धरायची. हेच ‘तीन-पंचमांश’ कलम.

हा प्रश्न परिषदेने शोधून काढला नव्हता. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ मध्ये वीस-एक आफ्रिकी माणसे विकायला उतरवली गेली. १६६२ मध्ये त्याच वसाहतीने कायदा केला की मूल आईच्या दर्जाने ओळखले जाईल, म्हणजे गुलाम बाईच्या पोटचे मूल गुलामच. पुढच्या सव्वाशे वर्षांत तंबाखू, भात आणि नीळ पिकवणाऱ्या दक्षिणेत ही संख्या लाखांत गेली.

तीन-पंचमांश हा आकडा मात्र करातून आला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या मध्यवर्ती सत्तेला स्वतः कर बसवता येत नसे, राज्यांकडे वाटा मागावा लागे. हा वाटा जमिनीच्या किमतीवरून ठरायचा आणि ती किंमत धडपणे कोणालाच काढता येईना. म्हणून १७८३ मध्ये लोकसंख्येचा आधार सुचवला गेला आणि लगेच भांडण लागले. दक्षिणेचे म्हणणे, गुलाम ही मालमत्ता, ती माणसांत धरू नका. उत्तरेचे म्हणणे, कष्ट तेच करतात, तर धरा. अर्धे धरा, पाऊण धरा, अशी घासाघीस होऊन पाचास तीन ठरले. त्यासाठी सगळ्या तेरा राज्यांची मंजुरी हवी होती, ती मिळाली नाही. अपूर्णांक मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

चार वर्षांनी दोन्ही बाजूंनी भूमिका अदलाबदल केल्या. आता डोकी मोजल्याने नुसता कर वाढणार नव्हता, प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढणार होत्या. त्याबरोबर गुलाम ‘मालमत्ता’ राहिले नाहीत. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांनी ते पूर्णच्या पूर्ण मोजण्याची मागणी केली. ११ जुलैला ती फेटाळली गेली, बाजूने जेमतेम तीन राज्ये होती. दुसऱ्या दिवशी उत्तर कॅरोलिनाच्या एका प्रतिनिधीने बजावले की निदान तीन-पंचमांश तरी नसेल, तर आमचे राज्य या संघात येणार नाही. मग जागांबरोबर प्रत्यक्ष करही याच हिशेबाने, अशी जोड देऊन तडजोड मंजूर झाली. उत्तरेला मिळालेला हा मोबदला फसवा निघाला. असा कर १७९८ मध्ये आणि १८१२ च्या युद्धाच्या सुमारास बसला, एरवी क्वचितच. जागा मात्र प्रत्येक निवडणुकीत मिळत राहिल्या.

घटनेने काळ्या माणसाला ‘तीन-पंचमांश माणूस’ ठरवले, असे सर्रास लिहिले जाते. त्यातला संताप रास्त आहे, पण हिशेब उलटा आहे. स्वतंत्र काळा माणूस एक म्हणूनच मोजला जाई. गुलामाला मत शून्य होते, मग त्याची मोजणी पाचास तीन असो की पाचास पाच. त्या अपूर्णांकाने वजन वाढले ते मालकाचे. गुलामांच्या बाजूने पाहिले तर न्याय्य आकडा एकच होता, शून्य. तो मागणारे उत्तरेचे प्रतिनिधी त्या सभागृहात होते, पण संघ मोडेल या भीतीपुढे ते टिकले नाहीत.

परिणाम पाहायला १७९० ची पहिली जनगणना पुरे. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसे सुमारे ४ लाख ५५ हजार, पेनसिल्व्हेनियात सुमारे ४ लाख ३० हजार. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण व्हर्जिनियात २ लाख ९२ हजारांवर गुलाम होते. जागावाटप झाले तेव्हा पेनसिल्व्हेनियाला १३ जागा मिळाल्या, व्हर्जिनियाला १९. राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतेही याच जागांवर बेतलेली होती. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षे राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता. व्हर्जिनियाच्याच जेफरसनने १८०० ची निवडणूक गुलामांच्या डोक्यांवर जिंकली, असा आरोप हरलेल्या पक्षाने उघडपणे केला.

याच घटनेत आणखी एक कलम होते: १८०८ पर्यंत मध्यवर्ती सरकारला गुलामांची आयात बंद करता येणार नाही, राज्यांनी हवे तर आपापल्यापुरती करावी. दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून आणणाऱ्याला सरकारात जास्त मते मिळणार, हे पेनसिल्व्हेनियाच्या एका प्रतिनिधीने ८ ऑगस्टला परिषदेत स्पष्ट सांगितले होते. दक्षिण कॅरोलिनाने स्वतःच बंद केलेली ही आयात १८०३ च्या अखेरीस पुन्हा उघडली आणि चार वर्षांत सुमारे ४० हजार माणसे उतरवून घेतली.

पुढचे टप्पे परिचयाचे आहेत: १८०३ मधली लुइझियानाची खरेदी, १८२० चा मिसुरी करार, यादवी युद्ध, १८६५ मध्ये गुलामगिरीचा शेवट. मराठी वाचकाला हा शेवट पुण्याहून १८७३ मध्ये निघालेल्या ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेमुळे ठाऊक असतो. पण प्रतिनिधित्वाचे गणित तिथे मिटले नाही. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने पाचास तीन जाऊन प्रत्येक माणूस पूर्ण मोजला जाऊ लागला. साहजिकच दक्षिणेच्या जागांचा हिशेब पूर्वीपेक्षा भरघोस झाला. मग मतपट्टी (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर), साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या जोरावर काळ्यांना मतदानापासून हाकलले गेले. मोजणीत धरायचे आणि मतपेटीपाशी अडवायचे, हे १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत चालले. पुरुष नागरिकांचे मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कापाव्यात, अशी तरतूद त्याच चौदाव्या दुरुस्तीत होती. ती एकाही राज्यावर कधी वापरली गेली नाही.