बिझनेस स्ट्रॅटेजी आणि मॅनेजमेंट

बिझनेस स्ट्रॅटेजी म्हणजे कंपनीने कुठल्या धंद्यात उतरायचं, कुठल्या गिऱ्हाइकासाठी काम करायचं आणि तिथे आधीच असलेल्यांपेक्षा वेगळं काय करायचं, याबद्दल घेतलेले आणि बरीच वर्षं नेटाने पाळलेले निर्णय. हे निर्णय रोजच्या कामात उतरवणं, म्हणजे माणसं, पैसा, माल आणि वेळ यांची सांगड घालणं, हे मॅनेजमेंट. शिकवताना दोन्ही वेगळे विषय करतात पण चालत्या कंपनीत ते वेगळे काढताच येत नाहीत. "विक्री दुप्पट करायची" किंवा "नंबर एक व्हायचं" ही स्ट्रॅटेजी नव्हे, ते टार्गेट झालं, आणि ही गल्लत मोठमोठ्या कंपन्यांतही सर्रास होते. खरी स्ट्रॅटेजी ओळखायची असेल तर कंपनीने कशाकशाला ठाम नकार दिलाय ते बघावं.

अभ्यासाचा विषय म्हणून हे सगळं तसं अलीकडचं. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये उद्दिष्टं ठरवून त्यावर काम मोजायची पद्धत मांडली, आल्फ्रेड चँडलर यांनी 1962 मध्ये जनरल मोटर्स, ड्यूपाँट वगैरे कंपन्यांचा इतिहास तपासून दाखवलं की आधी धोरण बदलतं आणि मग त्याला साजेशी कंपनीची रचना बदलावी लागते. 1979 मध्ये मायकल पोर्टर यांनी नफा कोण खाऊन जातं याचे पाच घटक सांगितले: थेट स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि गिऱ्हाईक. हे पाच आजही कामाला येतात, कारण काही धंद्यांत कंपनी कितीही चांगली चालवली तरी हातात फार थोडं उरतं, त्याचं कारण यांतून लगेच कळतं. एअरलाइन हा त्यातलाच धंदा. विमानं बनवणारे मोजके, तिकीट घेणारा बहुतेक वेळा स्वस्तात स्वस्त शोधणारा, इंधनाचा भाव आपल्या हातात नाही.

आणि तरीही अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने याच धंद्यात अनेक दशकं सलग नफा काढला. 1971 मध्ये त्यांची विमानं उडायला लागली, पुढच्याच वर्षी पैशांची इतकी तंगी आली की चारपैकी एक विमान विकावं लागलं. पण टाइमटेबल चार विमानांचंच ठेवलं आणि ते तिघांत भागवायचं तर विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत फक्त दहा मिनिटं मिळत होती. मग बाकीचं सगळं त्या दहा मिनिटांभोवती बसलं. पुढे अनेक वर्षं सीट नंबर नव्हता, जेवण नव्हतं त्यामुळे ट्रे चढवणं-उतरवणं नव्हतं, बॅगा दुसऱ्या एअरलाइनच्या विमानात चढवून देणं नव्हतं, आणि विमानं बोइंग 737 म्हणजे कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर चालायचा, मेकॅनिकला एकच मशीन शिकायचं, स्पेअर पार्टचा साठाही एकाच प्रकारचा. यातली एकेक गोष्ट कुणालाही उचलता येईल. सगळ्या एकदम उचलायच्या तर आपल्याकडे आधी असलेलं बरंच काही सोडावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

1993 मध्ये काँटिनेंटल या दुसऱ्या अमेरिकन एअरलाइनने काँटिनेंटल लाइट नावाने साउथवेस्टची नक्कल करून पाहिली. जेवण बंद केलं, फर्स्ट क्लास काढला, भाडी उतरवली, फेऱ्या वाढवल्या. पण मुख्य एअरलाइन फुल सर्व्हिसच राहिली, त्यामुळे ट्रॅव्हल एजंट, वेगवेगळ्या प्रकारची विमानं, सीट देणं, बॅगा पुढच्या विमानात पाठवणं, हे सगळं तसंच चालू राहिलं. विमानं लेट व्हायला लागली, तक्रारी वाढल्या, आणि 1995 मध्ये सगळा प्रकार बंद. दोन्ही दगडांवर पाय ठेवणं म्हणतात ते हेच, आणि स्ट्रॅटेजी फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅनेजमेंटची ताकद बघायची तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण बघावं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब क्वालिटीसाठी बदनाम होता, 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच चालू केला, कामगार बहुतांशी तेच, युनियनही तीच. बदललं काय, तर काही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडर धावत येणार आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. आधी लाइन थांबवणं म्हणजे मोठा गुन्हा, चुकीची गाडीसुद्धा पुढे ढकलायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ गेली. माणसं वाईट नव्हती, पद्धत वाईट होती.

धंद्याप्रमाणे निर्णयांचा वेगही बदलतो. औषध कंपनीचं पेटंट अर्ज केल्यापासून 20 वर्षांचं, त्यातली बरीच वर्षं चाचण्यांतच जातात, त्यामुळे आज घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे दहा-बारा वर्षांनी कळतं. झारासारख्या फॅशन कंपनीत तेच काही आठवड्यांत कळतं, कारण कपडा थोडाच शिवायचा, खपला तर पुन्हा शिवायचा, आणि त्यासाठी बरंचसं उत्पादन स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोसारख्या जवळच्या ठिकाणी ठेवायचं, मजुरी जास्त पडली तरी चालेल.

फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलाय की डिजिटल कॅमेरे आले तेव्हा ते झोपले होते. डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने बनवला, आणि 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात कोडॅक पहिलं होतं. अडचण नफ्याची होती. फिल्म रोलमध्ये प्रत्येक फोटोमागे पैसे मिळायचे, कॅमेरा एकदा विकला की संपलं, आणि नंतर तो फोनमध्येच आला. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीफिल्मवर तेच संकट होतं, पण त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला: फिल्म बनवताना आपल्याला नक्की काय काय येतं? तर पातळ थर एकसारखे चढवणं, कोलॅजेन हे आपल्या त्वचेतही असणारं प्रथिन हाताळणं, रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखणं. त्यातून एलसीडी स्क्रीनला लागणारी फिल्म आली, स्किन क्रीम आलं, 2008 मध्ये टोयामा केमिकल ही औषध कंपनी विकत घेतली. हजारो लोकांच्या नोकऱ्याही त्यात गेल्या, हे विसरून चालणार नाही.

एकाच छताखाली अनेक धंदे असले की प्रश्न अजून अवघड होतो, कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा. 1970 च्या सुमाराला बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने यासाठी चार चौकटींचा तक्ता काढला, वाढ किती आणि मार्केटमधला वाटा किती यावर धंदे बसवायचे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिथले प्रमुख जॅक वेल्च यांनी 1981 पासून नियमच केला की आपल्या क्षेत्रात पहिला किंवा दुसरा नसलेला धंदा सुधारा, विका नाहीतर बंद करा. पण फायनान्सचा धंदा त्यांनी वाढू दिला आणि 2008 च्या मंदीत तोच अंगावर आला. पुढे एकेक भाग विकत विकत 2024 पर्यंत ती कंपनी विमानांची इंजिनं, वीज आणि वैद्यकीय उपकरणं अशा तीन वेगळ्या कंपन्यांत विभागली गेली, तिघींचे शेअर वेगळे आणि तिघींचे सीईओही वेगळे.